ओव्हरक्लॉकिंग

संगणकाच्या प्रक्रियकाला (प्रोसेसर) निर्मात्याने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालवण्याच्या क्रियेला ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. त्यामुळे गणनेचा वेग वाढतो. मात्र विजेचा वापर, उष्णता आणि बिघाडाची शक्यताही वाढते. ठाणे, कल्याण व डोंबिवली यांसारख्या उष्ण व दमट शहरांत या क्रियेची मर्यादा बहुधा प्रक्रियकापेक्षा खोलीचे तापमानच ठरवते.

तत्त्व

प्रक्रियकाची वारंवारता ही मूळ घड्याळ (बेस क्लॉक) आणि गुणक यांचा गुणाकार असते. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्‌झ व गुणक ४५ असल्यास वारंवारता ४.५ गिगाहर्ट्‌झ होते. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा ३०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन ३००ए हा बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केल्यावर अनेकदा ४५० मेगाहर्ट्‌झवर चालत असे. त्यामुळे तो विशेष लोकप्रिय ठरला. सध्या प्रामुख्याने गुणक बदलला जातो. इंटेलच्या डेस्कटॉप प्रक्रियकांपैकी सामान्यतः नावात ‘के’ अक्षर असलेल्यांचा गुणक खुला असतो व त्यासाठी ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझेन प्रक्रियकांचा गुणक खुला असतो. परंतु ‘ए’ मालिकेच्या मदरबोर्डांवर ही सोय नसते.

उष्णता

प्रक्रियकाचा गतिज वीजवापर वारंवारतेच्या समप्रमाणात, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवल्यास हा वापर सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. म्हणून व्होल्टेज वाढवणे हा या क्रियेतील सर्वांत जोखमीचा भाग होय.

हवा किंवा पाणी यांवर आधारित नेहमीची शीतक यंत्रणा प्रक्रियकाला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. पूर्ण भारावर प्रक्रियक खोलीपेक्षा ५५ अंशांनी तापत असेल, तर २५ अंश सेल्सिअसच्या वातानुकूलित खोलीत तो ८० अंशांवर राहील. मे महिन्यातील ३६ अंशांच्या खोलीत तोच ९१ अंशांवर जाईल. अनेक प्रक्रियकांची कमाल मर्यादा ९० ते १०० अंशांदरम्यान असते. ती गाठताच प्रक्रियक स्वतःचा वेग घटवतो आणि मिळवलेला लाभ नाहीसा होतो. त्यामुळे हिवाळ्यात यशस्वी ठरलेली मांडणी उन्हाळ्यात पुन्हा तपासावी लागते.

पावसाळ्यातील दमटपणा नेहमीच्या पंख्याच्या शीतकाला बाधक नसतो. मात्र ३० अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. त्याहून थंड पृष्ठभागावर पाणी साचते. म्हणून बर्फ वा शीतकरण यंत्राचे प्रयोग धोक्याचे ठरतात.

सुरक्षित पद्धत

१. महत्त्वाच्या विदेची (डेटा) प्रत अन्यत्र ठेवावी. शीतकावरील धूळ काढावी व गरजेनुसार उष्णतावाहक लेप बदलावा.
२. मूळ मांडणीवरील तापमान व वेग नोंदवावा.
३. व्होल्टेज न वाढवता बायोसमधून गुणक एकेका अंकाने वाढवावा.
४. प्रत्येक टप्प्यावर सिनेबेंच, प्राइम९५ यांसारखी चाचणी चालवून तापमान पाहावे.
५. संगणक बंद पडल्यास वा चाचणीत चूक आढळल्यास मागील टप्प्यावर परतावे.
६. अंतिम मांडणीची चाचणी काही तास घ्यावी.

संगणक सुरूच न झाल्यास मदरबोर्डवरील ‘क्लिअर सीमॉस’ सोयीने मूळ मांडणी परत आणता येते. योग्य आर्थिंग, दर्जेदार पॉवर सप्लाय आणि यूपीएस आवश्यक मानले जातात. बायोस अद्ययावत करताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

धोके

संगणक बंद न पडताही गणनेत चुका होऊन फाइली बिघडू शकतात. शालेय प्रकल्प, लेखापालन किंवा घरातील एकमेव संगणक यांसाठी हा धोका विशेष गंभीर असतो. निर्धारित मर्यादेबाहेरच्या वापराने झालेले नुकसान सामान्यतः हमीत बसत नाही. अतिरिक्त व्होल्टेजचे परिणाम दीर्घकालीनही असतात. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रक्रियकांत वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता आढळली. कंपनीने मायक्रोकोड सुधारला व हमी दोन वर्षांनी वाढवली.

पर्याय

वारंवारता तीच ठेवून व्होल्टेज किंचित कमी करण्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. त्याने उष्णता घटते व प्रक्रियक स्वतःचा वाढीव वेग अधिक काळ टिकवतो. त्याचीही स्थैर्यचाचणी आवश्यक असते. तथापि कोकणपट्टीच्या हवामानात वातानुकूलनाविना वापरल्या जाणाऱ्या संगणकासाठी हा मार्ग अनेकदा अधिक उपयुक्त ठरतो.