केळीच्या पानावरची पिवळी रेघ

पावसाळ्यात झड लागून राहिली की नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरच्या केळीबागांत सिगाटोका करपा शिरायला वेळ लागत नाही. पहिली खूण अगदी बारीक असते. पानाच्या शिरांना समांतर अशी फिकट पिवळी, जेमतेम काही मिलिमीटरची रेघ. पुढे ती तपकिरी होते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर होत जाते. मधला भाग राखाडी पडतो, भोवती पिवळे वलय उमटते. मग ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पान वाळते. घड निसवल्यावर झाडावर पुरेशी हिरवी पाने उरली नाहीत, तर फण्या भरत नाहीत आणि माल वेळेआधीच पिकू लागतो. म्हणून रोग रेघेच्या अवस्थेतच ओळखायला हवा. पालाश कमी पडले तरी पान पिवळे होते, पण ते कडेकडून. मुरलेल्या बागायतदाराच्या नजरेला हा फरक कळतो. छायाचित्रावरून रोग ओळखणाऱ्या संगणकाला तो शिकवावा लागतो, आणि त्यासाठी पैसा लागतो.

तो पैसा आता जाहीर झाला आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ रोजी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. मुदत २०२९ पर्यंत, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांत कृत्रिम बुद्धिमत्तेची संशोधन केंद्रे उभारायचे त्यात ठरले आहे. मराठवाड्यासाठी ते विद्यापीठ म्हणजे परभणीचे, आणि त्याच विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र नांदेडला, अर्धापूरच्या शेजारीच आहे. या निधीचा पहिला वाटा नव्या ॲपवर खर्च न होता बागेतल्या छायाचित्रांवर आणि बागेतल्या चाचणीवर व्हावा, असे मला ठामपणे वाटते.

याला कारण आहे. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सालाथे या संशोधकांनी १४ पिकांच्या पानांची ५४,३०६ छायाचित्रे देऊन संगणकाला २६ रोग ओळखायला शिकवले. त्याच संग्रहातून बाजूला ठेवलेल्या छायाचित्रांवर उत्तरे ९९ टक्क्यांहून अधिक बरोबर आली. मात्र वेगळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे दाखवताच हे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर घसरले. शिकवणीतली पाने खुडून, एकेक करून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली होती. बागेत पान वाऱ्याने फाटलेले असते, त्यावर फवाऱ्याचे डाग असतात, शेजारच्या पानाची सावली पडलेली असते. शिवाय त्या १४ पिकांत केळी नव्हतीच.

केळीसाठी २०१९ मध्ये ‘तुमैनी’ नावाचे ॲप आले. त्यासाठी आफ्रिका आणि आपल्या दक्षिण भारतातल्या बागांतून सुमारे १८ हजार छायाचित्रे जमवली होती. मेहनत खरी तिथेच होती: तज्ज्ञांनी प्रत्येक छायाचित्र पाहून त्यावर रोगाची नोंद करायची. आपल्याकडच्या अर्धापुरी आणि ग्रँड नैन या वाणांच्या बागांसाठी तेवढीच मेहनत इथे झाली पाहिजे, आणि तीही सगळ्या हंगामांत.

युरोपीय संघाने यातला दुसरा भाग, म्हणजे चाचणीचा, स्वतंत्र खर्चाचा विषय मानला. २०२३ च्या जानेवारीत ‘अ‍ॅग्रीफूड-टेफ’ हा चाचणीचा प्रकल्प सुरू झाला. पाच वर्षे, सुमारे सहा कोटी युरो, आणि भार संघ व सदस्य देश मिळून उचलणार. एखाद्या लहान कंपनीने तण काढणारा रोबो किंवा रोग ओळखणारी प्रणाली बनवली, तर ती बाजारात नेण्याआधी प्रत्यक्ष शेतात तपासून घ्यायची सोय तिथे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने शेतीसह अनेक क्षेत्रांत कृत्रिम बुद्धिमत्ता रुजवण्यासाठी सुमारे एक अब्ज युरोंचे धोरण मांडले. रक्कम डोळ्यांत भरते, पण आपण उचलण्यासारखी आहे ती तपासणीची शिस्त.

नांदेडच्या केंद्राला हे काम देता येईल. केंद्राची बाग आणि अर्धापूर, मुदखेड भागातल्या इच्छुक शेतकऱ्यांच्या बागा मिळून चाचणीचे क्षेत्र ठरवावे. छायाचित्रे देणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळावा आणि ती कुठे वापरली जाणार हे त्याला मराठीत लिहून मिळावे. सरकारी पैशातून बनलेली कोणतीही प्रणाली शेतकऱ्याच्या हाती देण्याआधी ती भर पावसाळ्यात या बागांत तपासली जावी. शंभरातल्या किती रेघा तिने ओळखल्या, किती तिच्या नजरेतून सुटल्या आणि कितींना उगाच करपा ठरवून फवारणी सांगितली, हे तिन्ही आकडे जाहीर व्हावेत. चुकीच्या सल्ल्यावर मारलेल्या बुरशीनाशकाचे बिल शेवटी बागायतदारच भरतो.