गोळ्यांची पिशवी

लेखमाला : पोलिसांत गेलेलं पोर – भाग ६

समजा, पोरगा देवणी तालुक्यातला आहे. वय सोळा. दहावीत गणित राहिलं, तेव्हापासून उदगीरला गॅरेजवर जातो. मोटारसायकल चोरीच्या भानगडीत दोस्तांबरोबर त्याचंही नाव आलं आणि रात्री पोलीस घरी आले. त्याला लहानपणापासून फिट येतात, सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे. गडबडीत गोळ्या देवळीतच राहिल्या. चार दिवसांनी आई पिशवीत दोन कपडे, भाकरी आणि त्या गोळ्या घेऊन निरीक्षणगृहाच्या फाटकावर पोहोचली. फाटकावरच्या माणसाने कपडे आत घेतले, बाकीचं परत दिलं. "बाहेरचं औषध आत चालत नसतंय, मावशी. आमचे डॉक्टर येतात."

हा पोरगा मी मनाने उभा केला आहे. खरा असता तरी त्याचं नाव-गाव लिहिलं नसतं, कारण बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख छापता येत नाही. मागच्या भागात आपण जामिनाचं पाहिलं. जामीन मिळेपर्यंत, किंवा नाकारला गेला तर त्यानंतर, पोराच्या औषधपाण्याचं काय, हा आजचा विषय.

फाटकावरच्या माणसाचं म्हणणं अगदीच चूक नाही. सुट्या गोळ्या, अर्धी फाटलेली पट्टी, वर ना नाव ना मात्रा. आतल्या पोरांत कुणाच्या हाताला काय लागेल याचा भरवसा नाही. चूक झाली ती पुढे. गोळ्या परत गेल्या आणि त्या कशाच्या होत्या हे कुठल्याही वहीत चढलं नाही. आईने तोंडी सांगितलेलं फाटकावरच विरलं. आजचा सगळा लेख या एका गोष्टीभोवती आहे: जे कागदावर येत नाही ते आत पोहोचत नाही.

फिटची गोळी एकाएकी बंद झाली की झटके परत येतात, आणि आधीपेक्षा जोराने येऊ शकतात. पाच मिनिटांच्या वर लांबलेला झटका, किंवा मधे शुद्धीवर न येता एकामागून एक येणारे झटके, ही जिवाची घाई असते. आतली पोरं अशा वेळी तेच करणार जे त्यांनी गावात पाहिलंय: चप्पल हुंगवणार, कांदा फोडणार, दातांत चमचा घालणार. करायचं एवढंच असतं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि १०८ ला फोन लावायचा. पण हे रात्रपाळीच्या काळजीवाहकाला माहीत हवं, आणि हा पोरगा फिटचा आहे हेही माहीत हवं.

फिटचं उदाहरण घेतलं कारण त्याची गोळी लहान आणि परिणाम मोठा. इन्सुलिनवर असलेल्या पोराला तर एक दिवसही महाग पडतो. दम्याचा पंप, क्षयाच्या गोळ्या, किनवट-माहूरकडच्या आदिवासी पोरांमधला सिकलसेल, प्रत्येकाची गोष्ट वेगळी. आणि एक आजार असा, जो आईबाप सांगतच नाहीत: पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, दारू. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हातपाय कापतात, कधी झटकेही येतात. अब्रूसाठी हे लपवू नका. कायद्याच्या कलम ९३ मध्ये व्यसनी किंवा मानसिक आजारी मुलाला उपचाराच्या ठिकाणी हलवण्याची सोय आहे, पण बाल न्याय मंडळाला कळलंच नाही तर ते हलवणार कुणाला?

थोडं मागे जाऊ. पोरं मोठ्यांच्या तुरुंगात सर्रास ठेवली जात, त्या काळात मुंबईच्या मुक्त पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. १९८३ मध्ये पोलीस कोठडीतल्या स्त्रियांबद्दलच्या त्यांच्या पत्रावरून न्यायालयाने सांगितलं, की समोर आणलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्याने स्वतःहून विचारावं: मारहाण झाली का? आणि वैद्यकीय तपासणीचा तुला हक्क आहे, हेही त्याला सांगावं. तुरुंगातल्या मुलांसाठीची त्यांची याचिका त्यानंतरची. १९८६ मध्ये न्यायालयाने त्यात मुलांना तुरुंगात ठेवू नका असं बजावलं आणि देशभर एकच कायदा असावा असं सुचवलं. त्याच वर्षी पहिला बाल न्याय कायदा झाला. तारखांवर तारखा पडत राहिल्या तेव्हा बर्सेबाई इतक्या वैतागल्या, की त्यांनी याचिका मागे घ्यायची परवानगी मागितली. १९८८ मध्ये न्यायालयाने त्यांचं नाव काढलं, खटला मात्र बंद केला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीकडे सोपवला. मला त्या वैतागाचं फार मोल वाटतं. देवणीहून लातूरला तारखेमागून तारखेला जाणाऱ्या बाईला तो समजेल.

आजचा कायदा २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. महाराष्ट्राने त्याखाली २०१८ मध्ये स्वतःचे नियम केले. लोक निरीक्षणगृहाला अजून 'रिमांड होम'च म्हणतात, पण कायद्याच्या लेखी पोरगा कैदी नाही. तो 'विधी संघर्षग्रस्त बालक' आहे. शब्द जड आहे, पण त्याच्या पोटात बरंच काही आहे. अशा पोराला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर उभं करावं लागतं.

हे चोवीस तास फार मोलाचे. ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव विचारा आणि औषधाची चिठ्ठी त्याच्या हातात द्या. मूळ चिठ्ठी नव्हे, झेरॉक्स. पोच मागा; देत नसतील तर दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि कुणाला दिली ते तिथेच लिहून ठेवा. मग पोराला तपासणीला नेतील. तपासणारे डॉक्टर विचारतात, "काही त्रास?" सोळा वर्षांचा पोरगा, शेजारी पोलीस, सोबत दोस्त. तो "काही नाही" म्हणतो. फिट येतात हे त्याने गॅरेजच्या मालकालाही सांगितलेलं नसतं. म्हणून आईबापापैकी एकाने त्या वेळी तिथे असावंच, आणि केस पेपरवर आजार लिहून घ्यावा. मारहाणीच्या खुणा असतील तर त्याही. खूण आज निळी असते, आठ दिवसांनी दिसत नाही.

डॉक्टरांचा आणखी एका बाबतीत संबंध येतो: वय. आपल्या देवणी वळूची ख्याती दूरवर आहे, आणि बाजारात दात मोजून जनावराचं वय सांगणारी माणसं आपल्याकडे आहेत. पोराचं तसं नाही. कलम ९४ म्हणतं, आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. अंगापिंडाने थोराड पोरगा बघून कुणी 'वय १९' लिहिलं, तर त्याची वाट थेट कारागृहाकडे लागते. गोळ्यांच्या पिशवीत शाळेची टीसीही ठेवा.

आता मंडळ. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात किमान एक स्त्री. इथे लेखी अर्ज द्यायचा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. १५१०० वर फोन करता येतो. अर्ज साध्या कागदावर, असा: 'माझ्या मुलाला अमुक आजार आहे. अमुक डॉक्टरांकडे अमुक सालापासून उपचार चालू आहेत. अमुक गोळी, इतक्या मात्रेची, दिवसातून इतक्या वेळा. चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे. औषध खंड न पडता मिळावं, सरकारी रुग्णालयात तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी आणि अहवाल अमुक तारखेपर्यंत मंडळासमोर यावा, ही विनंती.' शेवटची तारीख लिहायला विसरू नका. 'आवश्यक ती वैद्यकीय मदत द्यावी' असा आदेश ऐकायला गोड असतो, पण कुणाला काही करायला लावत नाही. औषधाचं नाव, रुग्णालयाचं नाव आणि तारीख असलेल्या आदेशाची प्रत फाटकावर दाखवली, की 'बाहेरचं औषध चालत नाही' हे उत्तर टिकत नाही.

याच टेबलावर जामिनाचा मुद्दाही पुन्हा उघडतो. पोराच्या शरीराला किंवा मनाला धोका होईल असं वाटलं, तर कलम १२ खाली जामीन नाकारता येतो. हे कारण सहसा बाहेरच्या धोक्यासाठी वापरलं जातं. माझ्या मते चांगल्या वकिलाने ते उलटं धरावं: नियमित औषधावाचून आत ठेवण्यातच धोका आहे, तेव्हा पोराला घरी सोडा. दीर्घ उपचार लागणाऱ्या मुलाला मान्यताप्राप्त ठिकाणी पाठवण्याचा अधिकार मंडळाला कलम ९२ ने दिलेला आहे, तोही अर्जात लिहा.

आत गेल्यावर काय व्हायला हवं, ते केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतल्या ३४ व्या नियमात आहे. दर महिन्याला तपासणी. प्रत्येक मुलाची वैद्यकीय नोंद, त्यात उंची, वजन, आजार, उपचार. दर तीन महिन्यांनी दात, डोळे आणि कातडीची तपासणी. कातडीचं नाव आलंच आहे तर खरजेबद्दल चार शब्द, कारण एका खोलीत पोरं झोपली की ती हमखास येते. मलम एकट्या खाजवणाऱ्याला देऊन खरूज जात नाही. त्या खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, आणि कपडे-अंथरुणं गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायची. भेटीला गेल्यावर पोराच्या बोटांची बेचकी बघा. तिथे पुरळ असेल तर एकट्या आपल्या पोरासाठी बोलू नका, सगळ्यांसाठी बोला. नाहीतर पंधरा दिवसांत त्याला परत होईल.

मनाचा आजार बोटांत दिसत नाही. झोप उडालीय, जेवण टाकलंय, भेटीत मान वर करत नाही, 'आता काय राहिलंय' असं म्हणतो. हे ऐकलंत तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी द्या आणि समुपदेशकाची भेट मागा. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, पण आत पोराकडे फोन नाही. तो नंबर आईसाठी धरा. रात्री तिलाही झोप नसते.

शस्त्रक्रियेचा प्रश्न आपल्या भागात विशेष अडतो. शस्त्रक्रियेला आईबापाची संमती लागते, आणि दिवाळीनंतर कित्येक आईबाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेले असतात. नियमाने वाट ठेवली आहे: पालक सापडत नसतील आणि उशिराने मुलाला त्रास किंवा इजा होईल असं डॉक्टरांचं मत असेल, तर त्यांच्यावाचून काम अडत नाही. तरीही फडावर जाण्याआधी मुकादमाचा आणि गावातल्या एका नातेवाइकाचा नंबर परिविक्षा अधिकाऱ्याकडे लिहून द्या. अपेंडिक्स फुटायची वाट कुणी बघू नये.

अल्पवयीन आणि डॉक्टर हे दोन शब्द एकत्र आले की अनेकांना पुणे आठवतं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दोघांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. मुलगा काही दिवस निरीक्षणगृहात होता. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला आत्याच्या ताब्यात द्यायला सांगितलं आणि त्याचं समुपदेशन चालू ठेवायला सांगितलं. लोक चिडले, त्या चिडीत चूक काही नाही. पण त्यातून 'या पोरांचे लाड पुरेत' असा जो सूर निघाला, त्याचा फटका पुण्याच्या बंगल्याला बसत नाही. तो आपल्या गॅरेजवाल्याला बसतो. समुपदेशन चालू ठेवा असा आदेश त्या मुलाला मिळाला तर तो या पोरालाही मिळाला पाहिजे, आणि तो मिळवायला उच्च न्यायालयात जायची वेळ येऊ नये.

अर्ज देऊनही काही हललं नाही तर? पहिला दरवाजा पुन्हा मंडळाचाच. निरीक्षणगृहाला महिन्यातून किमान एकदा भेट देणं हे मंडळाचं कामच आहे. दुसरा, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी. तिसरा सहसा कुणाला ठाऊक नसतो: कलम ५४ खालची तपासणी समिती. तीन महिन्यांतून एकदा तरी तिने संस्थेत जायचं असतं आणि तिच्यात एक वैद्यकीय अधिकारी असावाच लागतो. त्या अधिकाऱ्याचं नाव विचारून घ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स त्यांनाही द्या. मंडळाचा आदेशच चुकीचा वाटला तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं, त्यापुढे औरंगाबाद खंडपीठ. आणि ज्याच्या ताब्यात पोर आहे त्याने जाणूनबुजून हेळसांड केली, तर कलम ७५ खाली तो गुन्हा आहे. सांभाळणारी संस्था किंवा तिचा नोकर असेल तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची.

एक काम आज रात्रीच करा. घरात ज्या पोराचं कायमचं औषध चालू आहे, त्याच्या चिठ्ठीचा आणि शाळेच्या दाखल्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, आणि गावातल्या एका भरवशाच्या माणसाला पाठवून ठेवा. पोलिसांचं राहू द्या. एसटी उलटली तरी तो कामाला येईल.

पुढील आठवड्यात : पोरगा भालकी किंवा बिदरला सापडला, तर त्याला कर्नाटकातून लातूर जिल्ह्यात कसं आणायचं?