मावशी, हे मेंढीचं मटण आहे

मी धारवाडची आहे असं सांगितलं की पहिला प्रश्न पेढ्यांचा येतो. आपल्या मंडळात दुसरा प्रश्न जी. ए. कुलकर्णींचा. तिसरा प्रश्न मात्र गेल्या महिन्यात आला, हॉस्टेलच्या खोलीत, डब्याभोवती बसलेलो असताना. भाऊ रात्रीच्या गाडीनं आला होता आणि बाबांनी त्याच्यासोबत सुकं मटण पाठवलं होतं. मैत्रिणीनं एक फोड उचलली आणि थांबून विचारलं, "बोकडाचंच आहे ना?"

"नाही गं, मेंढीचं."

फोड डब्यात परत आली. "सॉरी हं, मला मेंढीचा वास येतो."

मला राग आला नाही, कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. आमच्या घरात या एका वाक्यावरून एक वर्षभर बोलणं बंद होतं. ती गोष्ट पुढे सांगतेच. पण आधी तो वास खरा आहे की मनाचा खेळ, आणि खरा असेल तर तो येतो कुठून, हे सांगते. गेल्या दोन वर्षांत मी यावर जितकं वाचलंय आणि शिजवलंय तितकं अभ्यासाचं वाचलेलं नाही!

मटण म्हणजे नेमकं कोण?

इंग्रजांच्या देशात मटण म्हणजे मोठ्या मेंढीचं मांस आणि लॅम्ब म्हणजे वर्षाच्या आतलं कोकरू. आपल्याकडे तो शब्द आला आणि त्यानं जनावर बदललं. मुंबई-पुण्यात नुसतं "मटण" म्हटलं की ते बोकडाचं असणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं. आमच्याकडे तसं नाही. धारवाड-हुबळीत दुकानदाराला विचारावं लागतं, कुरी की आडू? कुरी म्हणजे मेंढी, आडू म्हणजे शेळी. आणि बरेच जण कुरीच मागतात.

यामागचं कारण साधं आहे. जे जनावर आजूबाजूला चरतं त्याचीच चव जिभेला लागते. २०१९च्या पशुगणनेत कर्नाटकात मेंढ्या सुमारे १ कोटी ११ लाख आणि शेळ्या साधारण ६२ लाख होत्या. महाराष्ट्रात उलट, शेळ्या १ कोटी ६ लाखांच्या घरात आणि मेंढ्या फक्त २७ लाखांच्या आसपास. आमच्या भागात सुगी झाली की कुरुब मेंढपाळ कळप घेऊन येतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. महाराष्ट्रात धनगर हेच करतात. म्हणजे मेंढी महाराष्ट्राला परकी नाही, पण शहरातल्या ताटापासून ती लांब राहिली.

थोडं बाहेर बघितलं तर गंमत वाटते. काश्मीरच्या वाझवानमध्ये मेंढीलाच मान आहे. अरबांकडे तर शेपटीत चरबी साठवणाऱ्या मेंढ्या असतात आणि ती शेपटीची चरबी मुद्दाम स्वयंपाकात घालतात. आणि जिथून हा शब्द आला त्या ब्रिटनमध्ये मोठ्या मेंढीचं मटण लोक इतकं विसरले की २००४ साली तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी त्याला पुन्हा मान मिळवून देण्यासाठी मोहीम काढली. म्हणजे एकाला जो वास नकोसा, तोच दुसऱ्याला हवासा.

मावशीचं प्रकरण

धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे तिथं आमच्यासारखी जुनी मराठी घरं बरीच आहेत. बाबा तिथलेच. आईचं माहेर पुण्याचं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं आई रविवारी नुसत्या रश्शाबरोबर भात खायची आणि फोडी बाबांच्या ताटात सरकवायची. तिला हळूहळू आवडायला लागलं. मावशीला मात्र नाही. ती दर मे महिन्यात यायची आणि मटणाच्या दिवशी हसत हसत म्हणायची, "भाऊजी, तुमच्या गावात बोकड मिळत नाही का हो?"

बाबाही हसायचे. पण रविवारचं मटण आमच्याकडे बाबाच करतात, पहाटे उठून स्वतः आणतात, मसाला स्वतः भाजतात. मावशी ताटात वांग्याची भाजी घेऊन बसली की ते जेवताना गप्प असायचे, हे मला दिसायचं.

बारावीच्या सुट्टीत मी ठरवलं की मावशीला धडा शिकवायचा. बाबांना न सांगता तिला म्हटलं, "मावशी, आज तुझ्यासाठी खास बोकडाचं आणलंय." ती खूश झाली. दोनदा वाढून घेतलं. "याला म्हणतात मटण!" म्हणाली. मी लगेच टाळी वाजवून सांगून टाकलं की हे मेंढीचंच होतं.

मला वाटलं सगळे हसतील. मावशी उठली, हात धुतला आणि खोलीत गेली. रात्री मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाली, "चव वाईट नव्हती गं. पण तू मला विचारलं नाहीस." पुढच्या मेमध्ये ती आली नाही. फोनवर आईशी बोलायची, मला नाही. बाबाही माझ्यावर चिडले. म्हणाले, "खोटं बोलून वाढलेलं अन्न अंगी लागतं होय?"

माझ्या चालीतून एक गोष्ट मात्र कळली. मावशीला तो वास दर वेळी, आपोआप येत नव्हता. मग तो होता कशात? तिथून माझा शोध सुरू झाला.

वास कुठं बसतो?

उत्तर आहे: मुख्यतः चरबीत. १९७०च्या दशकात न्यूझीलंडच्या संशोधकांनी मेंढीच्या चरबीतली काही विशिष्ट मेदाम्लं या वासाला जबाबदार धरली. त्यांची साखळी सरळ नसते, तिला फांदी फुटलेली असते. नावं जड आहेत, ४-मिथाइलऑक्टॅनॉइक आम्ल आणि तिची भावंडं. ही अगदी थोडी असली तरी नाकाला कळतात. यातलंच एक भावंड बोकडाच्या उग्र दर्पातही असतं. म्हणजे "बोकडाला वास नाही" हेही खरं नाही. माजावर आलेला बोकड रस्त्यानं गेला तरी कळतो!

ही आम्लं सगळ्या मेंढ्यांत सारखी नसतात. वय वाढतं तशी वाढतात. न खच्ची केलेल्या मोठ्या मेंढ्यात जास्त, कोकरात कमी. चाऱ्याचाही परिणाम होतो. हिरव्या कुरणावर, विशेषतः लसूणघासासारख्या चाऱ्यावर वाढलेल्या जनावराच्या चरबीत स्केटोल नावाचा आणखी एक वासाचा पदार्थ जास्त उतरतो. उलट चरबी नीट काढलेलं नुसतं लाल मांस घेतलं, तर ते कोणत्या जनावराचं हे चवीवरून ओळखणं भल्याभल्यांना अवघड जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे चरबीचं वितळणं. मेंढीची चरबी साधारण ४५ ते ५० अंश सेल्सिअसला वितळते. आपलं तोंड ३७ अंशांचं. म्हणून रस्सा गार झाला की तीच चरबी टाळ्याला आणि ओठांना मेणासारखी चिकटते. ज्यांना "मेंढी नको" वाटतं त्यांच्यातल्या पुष्कळांनी ती गार झालेली, लग्नाच्या पंगतीत शेवटी बसून खाल्लेली असते, असा माझा अंदाज आहे.

बाबांची रविवारची पद्धत

हे सगळं वाचून मी बाबांना उत्साहानं सांगायला गेले, तर ते हे आधीपासून करतच होते, फक्त आम्लांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी हे हुबळीच्या एका सावजी मित्राकडून शिकलंय.

सावजी म्हटलं की तुम्हाला नागपूर आठवेल. तिथले सावजी हलबा कोष्टी समाजाचे. हुबळी-गदगचे सावजी वेगळे, सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचे. पण दोघेही मूळचे विणकर आणि दोघांच्याही खानावळी तिखट, तांबड्या, वर तेलाचा तवंग असलेल्या मटणासाठी प्रसिद्ध. मला आधी वाटायचं की एवढा मसाला वास झाकायलाच असतो. बाबा म्हणतात तसं नाही. वासाचं काम मसाल्याच्या आधीच आटपायचं असतं.

त्यांची पद्धत अशी. जनावर दुधाच्या दातांचं, म्हणजे वर्षाच्या आतलं. मांडी आणि खांदा घ्यायचा. वरची पांढरी जाड चरबी आणि आतल्या गाठी दुकानातच काढायला सांगायच्या. सगळी चरबी मात्र काढायची नाही, नाहीतर मटण चोथ्यासारखं लागतं. किलोमागे दोन-तीन छोटे तुकडे ठेवायचे.

घरी आणून एकदाच धुवायचं, निथळायचं, मग हळद, मीठ, आलं-लसूण आणि अर्धी वाटी दही लावून तासभर ठेवायचं. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर कांदा परतून मटण घालायचं आणि पहिली दहा-बारा मिनिटं झाकण ठेवायचं नाही. मटणाला सुटलेलं पाणी मोठ्या आचेवर आटू द्यायचं. या वेळी घरभर जो दर्प सुटतो तो इथंच निघून जातो, असं बाबांचं म्हणणं आणि माझ्या नाकाची साक्षही तीच. पाणी आटलं की कडेला तूप सुटल्यासारखी चरबी दिसते, ती पळीनं थोडी काढून घ्यायची.

मग झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर सव्वा तास. लागेल तसं झाकणावरचंच गरम पाणी आत घालायचं. मांस जोडून ठेवणारे चिवट धागे हळूहळू विरघळून रस्सा दाट होतो, त्याला वेळच लागतो. कुकरमध्ये लवकर होतं, पण वाफ कोंडून, आणि चरबी काढायला सवड मिळत नाही. मसाला शेवटच्या अर्ध्या तासात: ब्याडगी मिरची, सुकं खोबरं, धने, तीळ, खसखस, लवंग, मिरे, दगडफूल, सगळं भाजून वाटलेलं. ब्याडगी रंगाला दांडगी आणि तिखटाला बेताची, म्हणून मटणाची चव मरत नाही. आणि शेवटचा नियम: भाकरी तव्यावरून, मटण चुलीवरून. गार झालेलं वाढायचं नाही.

डोळे झाकून

दादाच्या साखरपुड्याला मावशी आली. दोन वर्षांनी. मी आदल्या दिवशीच तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, "मावशी, उद्या मेंढीचं मटण आहे. तुला नको असेल तर भरीत करतेय. पण त्याआधी मला एक बघायचंय, तू तयार असलीस तर."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनंच डोळ्यांवर ओढणी बांधून घेतली. मी फक्त हळद-मीठ घालून शिजवलेल्या तीन वाट्या ठेवल्या: बोकडाचं चरबी काढलेलं, मेंढीचं चरबी काढलेलं आणि मेंढीचं चरबीसकट. पहिल्या दोन वाट्यांवर ती अडली. तीनदा चाखून बोकडाच्या वाटीला मेंढी म्हणाली. तिसरी वाटी नाकाजवळ आली आणि तिनं तोंड फिरवलं. "हा बघ. हाच तो."

बाबांनी तीच वाटी उचलली आणि संपवली. म्हणाले, "यात तर खरी चव आहे!"

दुसऱ्या दिवशी मावशीनं मांडीच्या चार फोडी घेतल्या, गरम भाकरीबरोबर. चरबीचा एक तुकडा आला तो बाबांच्या ताटात सरकवला, अगदी आई पूर्वी करायची तसा. मावशीला मेंढी फार आवडायला लागली असं मी म्हणणार नाही. पण आता ती "मेंढीला वास येतो" असं म्हणत नाही. "मला ती चरबी नको" म्हणते. दोन्ही वाक्यांत बराच फरक आहे. पहिल्यात आमचं अख्खं जेवण नाकारलेलं होतं. दुसऱ्यात फक्त एक तुकडा बाजूला काढायचा असतो. बाबा जेवताना आता गप्प नसतात.

पुढच्या महिन्यात भाऊ पुन्हा येतोय. डब्यावर चिठ्ठी लावून आणायला सांगितलंय: मेंढी, मांडी, चरबी कमी. ज्यांना खायचं असेल त्यांनी यावं, ज्यांना नको त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आहेच. फक्त येताना मेसमधून गरम करून आणायची जबाबदारी कोणीतरी घ्या.