भायखळ्याचा न बांधलेला उजेड

नकाशा समोर आला की मी आधी उत्तरेचा बाण शोधते, मग स्केल, मग सेक्शनची रेघ. इमारत उभी कुठे कापून दाखवली आहे, ते ही रेघ सांगते. खोल्या आणि भिंती प्लॅनवरून कळतात. संग्रहालय समजून घ्यायचं तर सेक्शनच वाचावा लागतो, कारण तिथला सगळ्यात अवघड प्रश्न उजेडाचा असतो.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. त्याला नवी इमारत जोडण्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि २०१४ मध्ये अमेरिकन वास्तुरचनाकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. मुंबईचे ‘ओपोलिस आर्किटेक्ट्स’ त्यांच्या जोडीला होते. सव्वा लाख चौरस फुटांची ही इमारत कागदावरच राहिली.

तिचा सेक्शन पाहा. पांढऱ्या काँक्रीटचा साधा ठोकळा. हॉल यांनी त्यावर काही चढवलेलं नाही, उलट त्यातून कोरून काढलं आहे. या छेदांमधून ऊन आत येतं, भिंतींवर आपटून सौम्य होतं आणि मग दालनात उतरतं. ही खटपट कशासाठी, ते जुन्या इमारतीत फिरताना उमगतं. तिथे जुने नकाशे आहेत, छापील चित्रं आहेत. उजेडानं रंग उडतात, कागद पिवळा पडतो. म्हणून अशा वस्तूंवर सहसा ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. भर दुपारचं ऊन त्याच्या हजार पटींहून प्रखर असतं.

सेक्शनवर ट्रेसिंग पेपर ठेवून मी सूर्याच्या कोनांच्या रेघा मारते. मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो. डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेकडे, साधारण ४८ अंशांवर उतरतो. एकाच छेदाला ही दोन्ही उन्हं सांभाळायची असतात. अशा रेघा मारल्या की छेदाची रुंदी, खोली आणि कल यांतलं काहीच उगाच ठरवलेलं नाही, हे ध्यानात येतं.

मधल्या छेदाच्या तळाशी पाणी आहे. पावसाचं पाणी तिथल्या कुंडात यायचं आणि पाण्याखाली बसवलेल्या सौर पट्ट्यांमधून संग्रहालयाची ६० टक्के वीज मिळायची, असा हॉल यांचा हिशेब होता. कुंडाची कल्पना आपल्या पायऱ्यांच्या विहिरींशी नातं सांगते. पाऊस म्हटला की आपण गळती थांबवायच्या मागे लागतो; इथे त्याला पहिल्या रेघेपासून इमारतीत जागा आहे.

इमारत झाली नाही म्हणून हा विचार वाया जात नाही. मुंबईचं ऊन आणि मुंबईचा पाऊस मोजूनमापून दिलेलं हे उत्तर आहे. स्पर्धेतले आराखडे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना कायम पाहायला मिळाले पाहिजेत. या शहरात पुढचं संग्रहालय जे कोणी आखतील, त्यांनी पेन्सिल उचलण्याआधी हा सेक्शन जरूर वाचावा.