कार्डिफचा किल्ला आणि तिथली संगीतशाळा

वेल्सची राजधानी असलेल्या कार्डिफच्या ऐन मध्यवस्तीत, टाफ नदीजवळ, कार्डिफचा किल्ला उभा आहे. या जागेवर पहिली तटबंदी घातली ती रोमन फौजेने, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. तिसऱ्या शतकात तिथे दगडी कोट झाला. 1066 मध्ये इंग्लंड जिंकणारे नॉर्मन पुढे वेल्सकडे वळले आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी याच कोटाच्या आत मातीची उंच टेकडी रचून वर लाकडी गढी बांधली. बाराव्या शतकात गढीच्या जागी बारा बाजूंचा दगडी बालेकिल्ला आला. छप्पर गेले तरी त्याच्या भिंती खंदकासह आजही उभ्या आहेत.

या किल्ल्याचा सर्वांत मोठा कैदी म्हणजे इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाचा थोरला मुलगा रॉबर्ट. धाकट्या भावाने, पहिल्या हेन्रीने, 1106 च्या लढाईत त्याला पकडले आणि जन्मभर सोडले नाही. 1134 मध्ये रॉबर्टचा मृत्यू झाला तो कार्डिफमध्येच. 1158 मध्ये मात्र पारडे फिरले. इव्हॉर बाख हा वेल्श सरदार जमिनीच्या तंट्यावरून रात्री तट चढून आत शिरला आणि किल्ल्याच्या धन्याला बायको-मुलासह रानात घेऊन गेला. बळकावलेली जमीन परत मिळाल्यावरच त्याने त्यांची सुटका केली.

पुढची काही शतके मालक बदलत गेले. अठराव्या शतकात लग्नसंबंधातून किल्ला ब्यूट घराण्याकडे आला आणि एकोणिसाव्या शतकात या घराण्याचे नशीब कोळशाने उजळले. घराण्याच्या दुसऱ्या मार्क्विसने (मार्क्विस हा उमरावांचा किताब) बांधलेली गोदी 1839 मध्ये सुरू झाली. दक्षिण वेल्सच्या खाणींतला कोळसा तिथून परदेशी जाऊ लागला. त्याचा मुलगा, तिसरा मार्क्विस, वर्षाचाही नव्हता तेव्हा या साऱ्या संपत्तीचा वारस झाला.

मोठेपणी त्याने विल्यम बर्जेस या वास्तुविशारदाला हाताशी धरले. दोघांनाही मध्ययुगाचे वेड होते. घड्याळाच्या मनोऱ्यापासून सुरू झालेल्या त्यांच्या कामाने राहत्या महालाचे रूपच पालटले. ग्रंथालयातल्या शेकोटीवर प्राचीन लिप्यांच्या प्रतिनिधींच्या मूर्ती कोरलेल्या आहेत, तर मेजवानीच्या दालनातल्या शेकोटीवर खुद्द किल्लाच कोरला आहे आणि त्यात गजांआडचा कैदी रॉबर्टही दिसतो. सोनेरी छताच्या अरबी दालनाचे काम चालू असतानाच, 1881 मध्ये, बर्जेस वारला. मार्क्विसने त्या दालनाच्या शेकोटीवर त्याची आणि स्वतःची आद्याक्षरे त्या सालासह कोरून घेतली. श्रीमंत मालकाने कारागिराचे ऋण इतक्या उघडपणे मान्य केल्याची उदाहरणे थोडीच सापडतील. एवढे करून हे कुटुंब तिथे राहायचे ते वर्षातले मोजके आठवडे.

पहिल्या महायुद्धानंतर कोळशाचा व्यापार ओसरला. 1938 मध्ये ब्यूट घराण्याने शहरातली बरीचशी मालमत्ता विकून टाकली. आधीच पुन्हा बांधून काढलेल्या रोमन तटाच्या पोटातले बोगदे दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांपासून आसऱ्यासाठी उघडले गेले. त्यांत सुमारे 1,800 माणसे मावत. 1947 मध्ये चौथा मार्क्विस वारला आणि त्याच्या वारसाने किल्ला कार्डिफ शहराला देऊन टाकला.

दोनच वर्षांनी, 1949 मध्ये, इथे कार्डिफ संगीत महाविद्यालय सुरू झाले. चॅपेलांतल्या आणि खाणीच्या गावांतल्या समूहगायनासाठी वेल्स प्रसिद्ध होता. पण गाणे गावोगावी असणे वेगळे आणि त्याचे पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था असणे वेगळे. अशा शिक्षणासाठी लंडन गाठण्याऐवजी आता कार्डिफमध्येच सोय झाली. एका घराण्याच्या हौसेसाठी सजलेल्या महालाला रोजचे खरे काम लाभले ते या विद्यार्थ्यांमुळे, आणि किल्ल्याच्या दीर्घ इतिहासातला हा काळ बर्जेसच्या सजावटीइतकाच मोलाचा मानायला हवा.

संस्था सुमारे 25 वर्षे किल्ल्यात होती. संगीताला नाट्यशिक्षणाची जोड मिळाली आणि 1970 मध्ये तिचे नाव वेल्श संगीत व नाट्य महाविद्यालय असे झाले. राहत्या महालात हा पसारा मावणे शक्य नव्हते. त्यामुळे जवळच्याच कॅथेज पार्क भागात नवी इमारत बांधण्यात आली. किल्ला संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला राहिला, तरी दोघांचा संबंध तुटला नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस किल्ल्याचे जुने तबेले दुरुस्त करून महाविद्यालयाच्या वापरात आले. त्या वास्तूला वेल्समध्ये जन्मलेले अभिनेते अँथनी हॉपकिन्स यांचे नाव आहे. 2002 मध्ये संस्थेला 'रॉयल' ही उपाधी मिळाली आणि 2011 मध्ये त्याच आवारात नवे मैफलगृह व नाट्यगृह उभे राहिले.