गिटारशी गट्टी (लेखांक ७) : तीन कॉर्ड्समध्ये मावणारी गाणी

गेल्या आठवड्यात जी, सी आणि डी या कॉर्ड्सवर बोटं बसवली. आता एवढ्यावर वाजवायचं काय? त्यासाठी क्षणभर पेटीपाशी या. जी हा सा धरला, तर जी कॉर्ड म्हणजे सा-ग-प, सी म्हणजे म-ध-सा आणि डी म्हणजे प-नी-रे. बेरीज करा, सातही शुद्ध स्वर हाती आले! बिलावल थाटातल्या सरळ चालीला म्हणूनच या तिघी बहुतेक पुरतात. भैरवीतलं भजन मात्र तूर्त बाजूला ठेवा, त्यातले कोमल स्वर या तिघींशी भांडतात. यमनचा तीव्र मध्यमही सी कॉर्डला खटकतो.

पण स्वर जुळले म्हणजे गाणं सोपं झालं, असं नाही. नवशिके कॉर्ड्स किती आहेत ते मोजतात. मी म्हणेन, त्या किती भरभर बदलतात ते आधी बघा. चार कॉर्ड्सचं संथ गाणं दोन कॉर्ड्सच्या धावत्या गाण्यापेक्षा केव्हाही सोपं.

बॉब डिलनचं १९७३ सालचं ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’ घ्या. जी दोन मात्रा, डी दोन मात्रा, मग ए मायनर चार मात्रा. पुढच्या फेरीत ए मायनरच्या जागी सी. संपूर्ण गाणं एवढ्यावरच चालतं, लयही संथ. त्या चार मात्रांत पुढच्या कॉर्डचा विचार करायला उसंत मिळते. आणि सीवरून ए मायनर धरताना फक्त अनामिका हलते, बाकीची दोन बोटं जागच्या जागी राहतात.

‘हॅपी बर्थडे’ला लोक पोरखेळ समजतात, वाजवून बघा! ठेका तीन मात्रांचा आणि सुरुवात समेच्या आधी, त्यामुळे पहिल्या दोन अक्षरांवर उजवा हात थांबवायचा आणि तिसऱ्यावर पहिला फटका द्यायचा. पहिल्या ओळीत जीवरून डी, दुसरीत डीवरून जी, तिसरीत नाव येतं तिथे सी. इथवर प्रत्येक कॉर्डला तीन मात्रा मिळतात. शेवटच्या ओळीत मात्र जी दोन मात्रा, डी जेमतेम एक आणि लगेच पुन्हा जी. हात अडखळतो तो नेमका तिथे. तेवढाच तुकडा सुटा घोटा. चाल मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत, एकाच सप्तकात फिरते, त्यामुळे गळ्याला त्रास नाही.

शाळेत सगळ्यांनी म्हटलेलं ‘हम होंगे कामयाब’ ई मायनरची जोड दिली की चार कॉर्ड्सवर छान बसतं. हँक विल्यम्सचं ‘जांबालाया’ (१९५२) तर दोनच कॉर्ड्सचं, पण चालीला पळणारं. ते महिनाभरानंतर घ्या.

कॉर्ड्स लिहिलेला कागद हाती आला की त्यावरची नक्षी बघून घाबरू नका. सी-ॲड-नाइनच्या जागी साधी सी, डी-सस-फोरच्या जागी डी, ए मायनर सेव्हनच्या जागी ए मायनर वाजवा. गोडवा थोडा कमी होईल, गाणं मोडणार नाही. एवढी छाटणी करूनही सहा-सात कॉर्ड्स उरल्या, तर ते गाणं आज आपलं नव्हे.

राहिली पट्टी. जीचे आकार जसेच्या तसे वाजवले तर गाणं पांढरी पाचमध्ये येतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी चार. काळी एकमध्ये गाणाऱ्यांनी ए, डी, ई हे आकार घ्यावेत आणि कॅपो चौथ्या फ्रेटवर लावावा. गळ्याला बोटांच्या सोयीसाठी ताणू नये, कॅपो त्यासाठीच असतो.

या आठवड्यात वरच्यांपैकी एकच गाणं निवडा आणि ते गात गात वाजवा. पुढच्या लेखांकात एफ ही बार कॉर्ड घेऊ; तोवर डाव्या हाताची नखं कापून ठेवा.