जड पाणी आणि दूषित पाणी

सुरतेत राहणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांचे मूळ गाव खानदेशात आहे. सुटीत गावी गेलो की आजी हमखास विचारते, "तिकडचे पाणी मानवते का रे?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पाणी जड आहे की हलके, हा एक. आणि पाणी निर्दोष आहे की दूषित, हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे नको तेथे भीती आणि नको तेथे निष्काळजीपणा उत्पन्न होतो. म्हणून येथे आम्ही ते वेगवेगळे करून पाहणार आहोत.

प्रथम जडपणाचा विचार करू. पावसाचे पाणी आकाशातून पडताना जवळजवळ क्षारविरहित असते. हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू त्यात विरघळतो आणि ते किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी जमिनीत मुरत असता खडकांतील व मातीतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्यात घेते. हेच जड अथवा दुष्फेन पाणी. इंग्लंडच्या आग्नेय भागात जमिनीखाली खडूच्या खडकाचे जाड थर असल्यामुळे तेथील लहानसहान गावांतही नळाचे पाणी फार जड असते, आणि चहाच्या किटलीत पांढरा थर साचतो. आपल्याकडे कूपनलिकेचे पाणी तापवणाऱ्या घरांत तोच थर दिसतो.

जडपणाची परीक्षा सोपी आहे. दोन सारख्या बाटल्यांपैकी एकीत पावसाचे स्वच्छ पाणी व दुसरीत कूपनलिकेचे पाणी सारख्या मापाने घ्यावे. दोहोंत साबणाचा सारखाच कीस टाकून त्या हलवाव्यात. पहिलीत भरपूर फेस येईल. दुसरीत पाणी जड असल्यास फेस थोडा येऊन पांढरट साका तरंगेल. तूरडाळ लवकर न शिजण्याचे एक कारणही हेच. कॅल्शियममुळे डाळीच्या पेशींना जोडणारे द्रव्य घट्ट राहते. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची घरगुती युक्ती येथे उपयोगी पडते.

जडपणाचे दोन प्रकार आहेत. बायकार्बोनेट क्षारांमुळे येणारा जडपणा पाणी उकळल्याने जातो. भांड्यावर साचणारा थर म्हणजे तेच क्षार कार्बोनेट होऊन बाहेर पडलेले. त्यावर लिंबू पिळले की बुडबुडे येतात. सल्फेट व क्लोराइड क्षारांचा जडपणा मात्र उकळून जात नाही; त्यास धुण्याचा सोडा लागतो.

आता आपल्या शहराकडे वळू. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावलेली तापी भुसावळजवळून खानदेश ओलांडून सुरतेस येते. म्हणजे आजीची नदी तीच आपली नदी! १९७२ साली पुरे झालेल्या उकाई धरणातून सोडलेले पाणी नदीमार्गे शहरापर्यंत येते. समुद्र जवळ असल्याने भरतीचे खारे पाणी नदीत शिरत असे. त्यास अटकाव व्हावा आणि गोडे पाणी साठावे, म्हणून १९९५ साली रांदेर व सिंगणपोर यांच्या दरम्यान बंधारा बांधण्यात आला. नदीचे पाणी सहसा खोल कूपनलिकेच्या पाण्यापेक्षा कमी जड असते. त्यामुळे एकाच गल्लीत दोन घरांच्या भांड्यांचे तळ निरनिराळे दिसले, तर नवल वाटू नये.

पण हलके पाणी ते चांगले पाणी, असे म्हणता येईल काय? ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरतेचा मोठा भाग बुडाला. पुराचे पाणी मुख्यतः पावसाचे; परंतु गटारांची घाण त्यात मिसळली होती. ते पिणे म्हणजे रोगास आमंत्रणच! जडपणा डोळ्यांस दिसतो, रोगजंतू दिसत नाहीत. आणि आपण जे दिसते त्यालाच भितो.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी न मिळाल्यास ६०० पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर आरोग्याच्या कारणास्तव जडपणाला कोणतीही मर्यादा घातलेली नाही. जड पाण्याने मुतखडा होतो असे सर्रास बोलले जाते. तेही सिद्ध झालेले नाही. उलट पाणी कमी पिण्याने त्याचा धोका वाढतो. जंतूंच्या बाबतीत मात्र सवलत नाही: दर १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारा ई. कोलाय हा जंतू एकही आढळता कामा नये. याकरिताच नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात. त्याच्या किंचित वासाला नाक मुरडू नये. तो आपल्या राखणदाराचा वास आहे.

क्षार काढणारी रिव्हर्स ऑस्मोसिसची यंत्रे खाऱ्या पाण्यासाठी उपयुक्त आहेत. परंतु ती बरेच पाणी वाया घालवतात. ज्या घरी नळाचे गोडे पाणी येते, तेथे आधी टाकी धुतली आहे काय, माठावर झाकण आहे काय आणि पाणी काढण्यास दांड्याचे ओगराळे आहे काय, हे पाहावे. पाणी गढूळ आले अथवा शंका वाटली, तर ते गाळून खळखळून उकळावे.

पुढल्या सुटीत आजीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर आपल्यापाशी उत्तर असावे: "पाणी थोडे जड आहे, आजी, पण आम्ही ते स्वच्छ ठेवतो."